खारबंदरच्या तेवीस तक्रार वह्या

आमच्या खारबंदरच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांपेक्षा तक्रारी जास्त आहेत, असं मी गमतीने म्हणत असे. मोजल्यावर ते खरं निघालं. पुस्तकं चार हजार एकशे बारा आणि तक्रारी चार हजार सहाशे चाळीस. यात तोंडी तक्रारी धरलेल्या नाहीत. त्या धरायच्या तर मोजणाऱ्याला आणखी एक जन्म घ्यावा लागेल, आणि तोही खारबंदरातच.

मोजायची पाळी आली ती माकडांमुळे. आषाढात माकडं वाडीतल्या सुपाऱ्या सोडून वाचनालयाच्या कौलांवर का आली, हे कोणालाच सांगता येत नाही. आली, नाचली आणि बरोबर कपाट क्रमांक नऊच्या वरची चार कौलं सरकवून गेली. दोन दिवस पाऊस सरळ कपाटात पडत होता. कपाट नऊमध्ये पुस्तकं नव्हती. त्यात 'सूचना व तक्रार वह्या' होत्या, १९११ सालापासूनच्या तेवीस.

कार्यकारिणीची तातडीची सभा भरली. आमचे अध्यक्ष महादेवराव उकिडवे सुपारीचे मोठे बागायतदार. नासकी सुपारी ढिगातून काढून टाकायच्या सवयीने ते म्हणाले, "निर्लेखन करा, यादीतूनच काढून टाका. भिजलेल्या तक्रारींचं लोणचं घालायचंय का?"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण त्या वह्यांतल्या एकोणीस वर्षांच्या तक्रारींखाली माझ्या वडिलांची सही आहे. नाना विद्वांस, चिटणीस, १९५१ ते १९७०. मी उभा राहिलो आणि विमा कंपनीत सदतीस वर्षांत कधी काढला नव्हता असा आवाज काढून म्हणालो, "या वह्या म्हणजे या गावाचा इतिहास आहे. मी त्या वाळवीन, त्यांचे फोटो काढीन आणि सगळ्या जगाला वाचता येतील अशा इंटरनेटवर टाकीन."

"टाका की," महादेवराव म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्याकडे काम एकाच माणसाच्या गळ्यात पडणार असेल तर ठराव नेहमीच एकमताने मंजूर होतो.

वह्या रिक्षाने घरी आणल्या. माझी पत्नी हेमांगी दारात उभी होती. तिने एका वहीला बोट लावलं. बोट आत गेलं.

"हे वाळणार आहे?" ती म्हणाली.

ही बातमी आळीत पसरायला दहा मिनिटं लागली आणि सल्ले यायला अकरा. कोणी म्हणालं तांदळाच्या पिंपात पुरा, मोबाईल भिजला की तसंच करतात. कोणी म्हणालं इस्त्री फिरवा. एकाने आंबोशीसारखी एकेक पान मिठात घोळवायची सूचना केली. ती जर मी मानली असती तर आमच्या गावाचा इतिहास खारट झाला असता. तसा तो आहेच म्हणा. शेवटी मुंबईत जुन्या कागदपत्रांची निगा राखणाऱ्या एका बाईंचा नंबर मिळाला. त्या शांतपणे म्हणाल्या, "घाई करू नका. आधी गोठवा. बुरशी थांबेल. मग एकेक वही बाहेर काढून वाऱ्यावर वाळवा."

आमच्या फ्रीजच्या वरच्या खणात ओल्या खोबऱ्याचे डबे आणि बर्फाचा एक ट्रे एवढंच मावतं. तेवीस वह्या गोठवायला आख्ख्या गावात एकच जागा होती, ती म्हणजे बंदरावरच्या तुळशीची बर्फाची पेटी. तुळशी मासळीचा घाऊक व्यवहार करते. तिच्या पेटीत एक बैल झोपेल. आमच्या घरात तीन पिढ्यांत मासळी शिजलेली नाही, त्यामुळे मी जरा चाचरतच विचारलं.

"ठेवा की भाऊ," तुळशी म्हणाली. "बरफात पापलेट ऱ्हाते, पुस्तक का न्हाय ऱ्हानार? पन वास लागला तर मला बोलू नका."

प्रत्येक वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर साल आणि माझा फोन नंबर लिहून मी ती पेटीत ठेवली. काम इतकं शास्त्रशुद्ध झालं की मी त्या दिवशी दुपारी निवांत झोपलो. चौथ्या दिवशी फोन आला. श्रीवर्धनच्या एका खानावळीचा आचारी बोलत होता.

"साहेब, तुमची १९३६ आली. आमचा हलवा कुठाय?"

मला आधी वाटलं, दुधी हलवा. मग उलगडा झाला. पहाटेच्या गडबडीत हलवा नावाच्या मासळीच्या पिशवीऐवजी आमची वही खोक्यात गेली होती. मी एसटीने श्रीवर्धनला गेलो, भर गिऱ्हाइकांत वही ताब्यात घेतली आणि आचाऱ्याने दिलेल्या कोऱ्या कागदावर 'एक वही गोठलेल्या स्थितीत मिळाली' असं लिहून दिलं. माणसाने निवृत्तीनंतर काय काय सह्या कराव्या लागतील याचा आधी विचार करावा.

पुढचा दीड महिना आमचं घर घर नव्हतं. दिवाणखान्यात दोऱ्या बांधल्या होत्या आणि चार पंखे चोवीस तास फिरत होते. वह्या उघडून टेबलांवर, खाटेवर, देवघराच्या बाहेरच्या पाटावर ठेवलेल्या होत्या. पिशव्या असूनही वास लागायचा तो लागलाच. आळीतली सात मांजरं दारात बसून असत. ती आत शिरत नसत, नुसती टक लावून वह्यांकडे बघत. वाचनालयाच्या कोणत्याही व्याख्यानाला मी इतका एकाग्र श्रोतृवर्ग पाहिलेला नाही.

दरम्यान परवानगीचं प्रकरण सुरू झालं होतं. अनुदानित वाचनालय म्हटलं की वरच्या कार्यालयाला कळवावं लागतं. कोणत्या कार्यालयाला ते सांगत नाही, कारण तिथली माणसं सज्जन होती, फक्त त्यांच्याकडे एक अर्ज होता. अर्जात 'लेखकाचे नाव' असा रकाना होता.

"लेखक अनेक आहेत," मी म्हणालो. "तक्रार करणारे सगळेच."

"मग प्रत्येकाचा ना-हरकत दाखला लागेल," टेबलावरच्या बाई म्हणाल्या.

"त्यातले निम्म्याहून जास्त वारले आहेत."

"मयत असल्यास वारसाचा."

मी हिशेब केला. सुमारे तेराशे तक्रारदार, सरासरी प्रत्येकी पाच वारस. खारबंदरची आजची लोकसंख्या तेवढी नाही. माझा चेहरा बघून त्या बाईंना दया आली असावी. त्यांनी इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "या वह्या वाचनालयात कुठे ठेवलेल्या असायच्या?"

"दाराजवळ. सूचना फलकाखाली."

"मग फलकाचाच भाग झाला ना! सूचना फलकाला परवानगी लागत नाही."

अशा रीतीने आमचं संकेतस्थळ कायद्याच्या नजरेत 'सूचना फलक (विस्तारित)' झालं. त्या बाईंना मी मनोमन नमस्कार केला. सरकारी कामात अक्कल नसते असं म्हणणाऱ्यांनी कधी अक्कल लपवून काम करणारी माणसं पाहिलेली नसतात.

फोटो काढणं सोपं होतं. एका स्टुलाला मोबाईल बांधला, खाली वही ठेवली, आणि दिवसाला ऐंशी पानं असा वेग धरला. अवघड होतं ते मजकूर टाईप करणं. कोणीतरी सांगितलं की आता यंत्रालाच हस्ताक्षर वाचता येतं. मी एक पान यंत्राला दिलं. मूळ वाक्य होतं, 'चिटणीस यांस विनंती की सभासदांस बसण्यास बाके नाहीत.' यंत्राने वाचलं, 'चटणीस यांस विनंती की सभासदांस बसण्यास डोके नाहीत.' यंत्र चुकलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण इतिहास म्हणजे इतिहास. मी हाताने टाईप करायला बसलो, आणि तिथेच मी फसलो. कारण फोटो काढताना पान नुसतं दिसतं. टाईप करताना ते वाचावं लागतं, आणि वाचायला लागल्यावर मला थांबताच येईना.

१९२७: 'रा. रा. उकिडवे वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. त्यांना ऐकू कमी येते हे मान्य. आम्हांला येते.'

१९३४: 'वाचनालयाचे घड्याळ अर्धा तास मागे असल्याने वाचनालय उशिरा उघडते. बंद मात्र ग्रंथपालांच्या खिशातील घड्याळाप्रमाणे होते.'

१९४३, युद्धाची टंचाई: 'कंदिलात रॉकेल नसल्याने गोष्टीची शेवटची चार पाने आगकाडीच्या उजेडात वाचली. खून कोणी केला ते कळण्याआधी काड्या संपल्या. काडेपेटी मिळावी.'

आणि १९५२ साली, माझ्या वडिलांच्या सुंदर, किंचित तिरक्या अक्षरात पहिला शेरा. तक्रार होती: 'कपाटात मांजर व्याले आहे. 'श' ते 'ह' ही पुस्तके मिळत नाहीत.' खाली नाना लिहितात: 'पिल्लांनी डोळे उघडल्यावर मिळतील. य. वि. विद्वांस, चिटणीस.'

मी एकटाच मोठ्याने हसलो. माझ्या आठवणीतले नाना घरात कधी हसलेले नव्हते. आम्हाला ते 'जेवलास?' आणि 'अभ्यास?' एवढे दोनच प्रश्न विचारत. हा मिश्किल माणूस रोज संध्याकाळी दोन तास वाचनालयात राहायला होता, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता!

दिवाळीच्या सुमारास पहिल्या तेरा वह्या फलकावर चढल्या. दहा-बारा लोक वाचतील असं मला वाटलं होतं. आठ दिवसांत किहीमपासून दुबईपर्यंतचे खारबंदरकर जागे झाले. कोणी आजोबांचं अक्षर प्रथमच पाहिलं, कोणाला पणजोबा कविता मागत होते हे कळलं. ते मांजर कोणाचं होतं यावर तीन दिवस चर्चा चालली. आणि सगळ्यांत लोकप्रिय झाले ते नानांचे शेरे. लोक ते एकमेकांना पाठवू लागले. बाजारात मला अनोळखी माणसं थांबवून म्हणू लागली, "विद्वांस म्हणजे ते शेरेवाल्या नानांचे तुम्ही कोण?" मी 'चिरंजीव' असं जरा जास्तच खणखणीत सांगत असे. हेमांगीचं म्हणणं, त्या दिवसांत मी मान वर करून चालायला लागलो आणि दोनदा गटारात पाय घातला.

मग वारस आले. सर्वांत आधी खुद्द महादेवराव.

"ते आमच्या आजोबांचं काढून टाका. बहिरेपणाचं."

"त्यात काय बदनामी आहे?"

"नातीचं लग्न जमतंय. पाहुणे विचारतात, घराण्यात आहे का म्हणून."

मी नकार दिला. नुसता नकार देऊन थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आडनाव विद्वांस असलं की माणसाला भाषण केल्याशिवाय राहवत नाही. "महादेवराव, इतिहासातली आपल्याला आवडतील तीच पानं ठेवायची असतील तर त्याला इतिहास म्हणत नाहीत, अल्बम म्हणतात. एकही पान निघणार नाही." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते फलकाच्या पहिल्या पानावर लावून टाकलं. त्यानंतर आणखी पाच घराण्यांचे लोक आले. सगळ्यांना मी तेच वाक्य ऐकवलं.

आणि मग मी चौदावी वही उघडली.

६ मार्च १९६२, मंगळवार. अक्षर बाईचं, ठसठशीत, शाळेत गिरवल्यासारखं: 'गावात वीज आली. माझ्या घरी एक दिवा आहे. तो लागत नाही. वायरमन तालुक्याहून पंधरवड्याने येतो. वाचनालयाच्या यादीत 'घरगुती वीज व तिची दुरुस्ती' हे पुस्तक आहे. ते मिळावे. काशी सखाराम मांदाडकर, सभासद क्र. २१८.'

खाली नानांचा शेरा: 'सदर पुस्तक स्त्रियांस देण्याजोगे नाही. त्याऐवजी 'लोणची व मुरंबे' न्यावे.'

१३ मार्च: ''लोणची व मुरंबे' वाचले. दिवा लागत नाही.'

मला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. शेरा: 'यजमानांस पाठवावे.'

२० मार्च: 'यजमान मुंबईस गिरणीत आहेत. गणपतीस येतील. तोवर अंधारात बसावे काय?' शेरा: 'कंदील वापरावा.'

२७ मार्च: 'कंदील वापरायचा होता तर वीज कशास घेतली?' शेरा: 'हा प्रश्न वाचनालयाच्या कक्षेत येत नाही.'

दर मंगळवारी एक, अशा चौदा तक्रारी होत्या. दर वेळी तीच मागणी आणि दर वेळी नानांचा नवा शेरा. तेच सुंदर तिरकं अक्षर आणि तोच मिश्किलपणा, जो मी आणि जगभरचे खारबंदरकर डोक्यावर घेऊन नाचत होतो. पण आता तो एका बाईला दिव्याशिवाय ठेवत होता. चौदावी तक्रार ५ जूनची. 'पुस्तक नको. यापुढे लिहिणार नाही.' शेरा: 'नोंद घेतली.'

त्यानंतर त्या वहीत काशी मांदाडकर नाही. पुढच्या नऊ वह्यांतही नाही. मी सगळ्या चाळल्या.

मी उठून वाचनालयात गेलो. ते पुस्तक अजून होतं का, हे मला बघायचं होतं. होतं. कपाट चार, खालचा कप्पा. मागच्या पानावर पुस्तक कोणी कधी नेलं हे लिहायची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती कोरी होती. स्त्रियांना देण्याजोगं नसलेलं ते पुस्तक साठ वर्षांत एकाही पुरुषाने नेलं नव्हतं.

महादेवराव तिथे वर्तमानपत्र वाचत होते, मोठ्याने. माझा चेहरा पाहून त्यांनी माझ्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही, पण आनंद जास्त झाला. "चार पानं आहेत ना? नका टाकू," ते प्रेमळपणे म्हणाले. "पावसात गेली म्हणायचं. कोणाला कळणार आहे? आणि त्यांच्याच शेजारी आमचे आजोबाही जाऊ देत पावसात."

घरी येऊन मी हेमांगीला सगळं वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. पूर्ण ऐकून घेतल्यावर म्हणाली, "अल्बम करायचाय का?"

माणसाने बायकोसमोर चांगली वाक्यं बोलू नयेत. ती ती जपून ठेवते.

चार दिवसांनी मी चौदावी वही फलकावर टाकली, सगळी पानं. पण खरं सांगतो, पूर्ण धैर्याने नाही. फलकावर प्रत्येक तक्रार कुठल्या तरी सदरात घालावी लागते: पुस्तके, बाके व जागा, दिवाबत्ती, सभासदांची वर्तणूक. काशी मांदाडकर यांच्या चौदाही तक्रारी मी 'किरकोळ' या सदरात ढकलल्या. ते सदर कोणी उघडत नाही. त्यात छत्र्या हरवल्याच्या नोंदी आहेत.

नवव्या दिवशी मेल आली. पाठवणारी शिवानी मांदाडकर, नवी मुंबईत नोकरी करणारी. मजकूर दोन ओळींचा: 'सर, सभासद क्र. २१८ माझी आजी आहे. ती आता म्हसळ्याजवळ गावी असते आणि तिला तुमच्याशी बोलायचं आहे. मी शनिवारी तिथे आहे.'

काशीबाई हयात होत्या! पंच्याऐंशी वर्षांच्या. जाताना काय न्यावं यावर हेमांगीशी चर्चा झाली. शेवटी एक नारळ, एक साडी आणि ते पुस्तक, एवढं घेतलं. पुस्तक न्यायला मी रीतसर चिठ्ठी भरली: सभासद क्र. २१८.

म्हसळ्यापासून आत, भातखाचरांच्या कडेला घर. ओटीवर खुर्चीत एक कृश, ताठ बाई बसलेली. शिवानीने ओळख करून दिली, "आजी, हे विद्वांस काका. नानांचे चिरंजीव."

काशीबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "नाक तेच हाय," त्या म्हणाल्या. "बसा."

मी बसलो नाही. चार दिवस पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं. "काकी, माझ्या वडिलांनी तुमच्यावर अन्याय केला. त्यांच्या वतीने मी..."

"थांबा हो. पुस्तक आनलंय?"

मी पुस्तक दिलं. त्यांनी चष्मा चढवला, पदराने पुठ्ठा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं पान, दुसरं, तिसरं. मी नारळ हातात धरून उभा. चौथ्या पानावर त्यांनी बोट ठेवलं आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला. शिवानीने पाणी दिलं.

"ह्यात दुसऱ्या पानावर लिवलंय, वायर सोलून होल्डरला जोडा. आन् चौथ्या पानावर लिवलंय, काम करताना मेन बंद ठेवा." त्यांनी डोळे पुसले. "अवो, चौथ्या पानावर पोचायला मानूस जिता ऱ्हायला पायजे न्हवं? दुसऱ्याच पानावर मेले असते मी!"

मला एकदम उभारी आली. "म्हणजे काकी, एका परीने नानांनी पुस्तक दिलं नाही ते..."

"तुमच्या बापानं ह्ये वाचलं व्हतं?"

मला ती कोरी चिठ्ठी आठवली. "नाही."

"मंग त्याला कसं ठावं?"

मी बसलो.

मग त्यांनी सांगितलं. जूनमध्ये वायरमन आला तेव्हा त्या त्याच्या शिडीखाली उभ्या राहिल्या आणि तो काय करतो ते बघत राहिल्या. पुढच्या खेपेला त्याच्या मागोमाग वाडीतल्या चार घरांत गेल्या. तो म्हणे वैतागला, पण शिडी धरायला माणूस हवंच होतं. पावसाळा संपेपर्यंत त्यांना सगळं यायला लागलं होतं. "वाडीतले धा दिवे मी लावले. फुडं बागायतदारांचे पंप. उकिडव्यांचा पंप तीनदा उघडलाय मी, त्यांना न्हाय ठावं. गडी सांगायचा, मीच केला."

"आणि वाचनालयाचं वायरिंग?"

"तितं कुनी बोलावलं न्हाय."

मी हातातला नारळ खाली ठेवला. मग मी विचारलं, नानांचा राग येतो का म्हणून. त्यांनी खरोखर विचार केला. "वायट न्हवता तो. आडमुठा व्हता. पन मी चौदा वेळा लिवलं, त्यानं चौदा वेळा उत्तर दिलं. चुकीचं दिलं, पन दिलं. फुडं आयुष्यात कितीक ठिकानी अर्ज केले. कुनी चुकीचंबी उत्तर दिलं न्हाय." मग त्यांचा आवाज बदलला. "पन तुमची मातर तक्रार हाय माझी. शिवानी, दाव त्यांना."

शिवानीने मोबाईल पुढे केला. पडद्यावर माझाच फलक. 'सदर: किरकोळ.'

"ह्ये कुनी लिवलं? बापानं?"

"नाही. मी."

"माझ्या दिव्याची तक्रार छत्र्यांत कशी गेली?"

मी मोबाईल काढला आणि म्हणालो, लगेच बदलतो, 'दिवाबत्ती'त घालतो.

"दिवाबत्ती न्हाय. दिवा माझा मी लावला. मागितलेलं दिलं न्हाय, ही तक्रार व्हती."

तसं सदरच नव्हतं. मला नवं करावं लागणार होतं, आणि ओटीवर नेटवर्क नव्हतं. ते फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात येत होतं. मी गोठ्यात गेलो. काशीबाई शिवानीकडून खुर्ची उचलवून मागोमाग आल्या आणि समोर बसल्या. "झालं की सांगा. तवर च्या ठेवत न्हाय."

एका हाताने म्हशीचं तोंड लांब ठेवत मी टाईप केलं: 'मागितले, दिले नाही.' पडद्यावर गोल फिरत राहिलं. म्हैस माझ्या सदऱ्याची बाही चघळत होती. पस्तीस मिनिटांनी सदर तयार झालं आणि चौदा तक्रारी त्यात सरकल्या. काशीबाईंनी मोबाईल हातात घेऊन खात्री केली.

"ह्या खान्यात अजून कोन हाय?"

"तुम्ही एकट्याच."

"येवढ्या वह्या, येवढं वरीस, आन् मी एकलीच?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला विमा कंपनीतले सगळे तपासनीस आठवले. "नीट बगा की."

चहा मिळाला. चांगला होता, भरपूर आल्याचा.

घरी येऊन मी पहिली वही पुन्हा उघडली, यावेळी फक्त त्या एका सदरासाठी. आणि माणसं सापडू लागली. १९१९ साली नकाशा मागणारा एक खलाशी, ज्याला 'पुढील वर्षी पाहू' असा शेरा मिळाला. दाराबाहेर उभं राहून पुस्तक मागणारा एक चांभाराचा मुलगा. त्याच्या तक्रारीखाली शेरासुद्धा नाही. इंग्रजी शिकण्याचं पुस्तक मागणारी एक विधवा. मी यांना टाईप केलं होतं, त्यांच्या शेजारच्या मांजरांना आणि घड्याळांना हसलो होतो, आणि यांच्यावरून पुढे गेलो होतो. आता एकेकाचं नाव, गाव, मागितलेली वस्तू लिहून काढतो. ती वस्तू पुढे त्यांना कुठून मिळाली का, हे ज्याला माहीत असेल त्याने कळवावं असं फलकावर लिहिलं आहे. खलाशाच्या पणतूचं पत्र आलंय. नकाशा त्याने स्वतःच काढला होता म्हणे.

महादेवराव हल्ली रोज विचारतात, त्या सदरात आमच्या आजोबांचे शेरे आहेत का? त्यांचे आजोबाही पुढे काही वर्षं चिटणीस होते. आहेत, तीन आहेत. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. नातीचं लग्न होऊन जाऊ दे.

काम सावकाश चाललंय. डोळे दुखतात, हेमांगी ओरडते. आणि दर मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता म्हसळ्याहून फोन येतो.

"कितवी वही?"

"सातवी, काकी."

"किती गावले?"

"एकोणीस."

"अवो भाऊ," पलीकडून आवाज येतो, "मी पंच्याऐंशीची हाय. जरा हात चालवा."